राजाश्रय आणि धर्मसुधारणा : विटेनबर्ग ते तंजावर

धर्मसुधारक आणि राजसत्ता यांचे नाते इतिहासात नेहमीच अवघड राहिले आहे. सुधारक प्रस्थापित धर्मपीठाविरुद्ध उभा राहतो तेव्हा त्याच्या पाठीशी केवळ सत्य असून भागत नाही. त्याचे मस्तक धडावर राहावे इतपत बळ असलेला आश्रयदाताही त्याला लागतो. आणि आश्रय म्हटला की त्याची किंमत ओघानेच आली. युरोपातील प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेचा इतिहास हा पुष्कळ अंशी या देवघेवीचा इतिहास आहे.

या धर्मसुधारणेची एक शाखा डेन्मार्कच्या राजाच्या आश्रयाने १७०६ मध्ये कावेरीच्या खोऱ्यात येऊन पोहोचली, आणि पुढे ऐंशी वर्षांनी भोसल्यांच्या तंजावर दरबारातील एका मरणासन्न मराठी राजाने आपला दत्तक पुत्र एका जर्मन पाद्र्याच्या हाती सोपविला. बृहन्महाराष्ट्राच्या इतिहासातील हे प्रकरण आपल्याकडे बहुधा दोन-चार वाक्यांत आटोपले जाते. कोणी त्यात पाद्र्याची साधुता पाहतो, कोणी कंपनी सरकारचा कावा पाहतो. वस्तुतः या घटनेचा अर्थ नीट लागायचा असेल तर तिचे मूळ जेथे आहे तेथपर्यंत, म्हणजे जर्मनीतील विटेनबर्ग या लहानशा गावापर्यंत, मागे जावे लागते.

विटेनबर्गचा धडा

मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये पापमुक्तिपत्रांच्या विक्रीविरुद्ध आपली ९५ विधाने मांडली तेव्हा तो विटेनबर्गच्या विद्यापीठात अध्यापक होता. हे विद्यापीठ १५०२ मध्ये सॅक्सनीचा इलेक्टर फ्रेडरिक याने स्थापन केलेले. ‘शहाणा फ्रेडरिक’ या नावाने इतिहासात ओळखला जाणारा हा राजा स्वतः मात्र जुन्या वळणाचा भाविक होता. संतांच्या अस्थी व अवशेष गोळा करण्याचा त्याला छंद होता आणि त्याच्या संग्रहात असे १९ हजारांवर अवशेष होते. ज्या श्रद्धेवर ल्यूथर घाव घालीत होता तीच श्रद्धा त्याच्या आश्रयदात्याने उराशी धरली होती. तरीही १५२१ मध्ये वर्म्सच्या राजसभेने ल्यूथरला बहिष्कृत ठरविले तेव्हा याच फ्रेडरिकच्या स्वारांनी त्याला वाटेतून पळविल्याचा देखावा करून वार्टबुर्गच्या किल्ल्यात सुरक्षित ठेवले. त्या किल्ल्यात बसून ल्यूथरने नव्या कराराचे जर्मन भाषांतर केले आणि १५२२ मध्ये ते छापून निघाले. धर्मग्रंथ सामान्य माणसाच्या बोलीत यावा, ही आकांक्षा आपल्याला परकी नाही. ज्ञानदेवांच्या भूमीतील वाचकाला तिचे मोल निराळे सांगावयास नको. परंतु ल्यूथरच्या बाबतीत ती राजाच्या किल्ल्यात, राजाच्या संरक्षणाखाली सफळ झाली, हे विसरता येत नाही.

किंमत लवकरच चुकवावी लागली. १५२४-२५ मध्ये जर्मनीतील शेतकऱ्यांनी उठाव केला तेव्हा ल्यूथरने आपले वजन राजांच्या पारड्यात टाकले. १५५५ च्या आउग्सबुर्ग येथील तहाने तर ज्याचे राज्य त्याचा धर्म हे तत्त्वच मान्य झाले. डेन्मार्कमध्ये तिसऱ्या ख्रिश्चनने १५३६ मध्ये जुन्या बिशपांना कैद केले, चर्चच्या जमिनी राजसत्तेकडे घेतल्या आणि ल्यूथरचा पंथ हा राज्याचा धर्म म्हणून जाहीर केला. पोपच्या हुकमतीतून सुटलेले चर्च अशा रीतीने राजाच्या कचेरीचे एक खाते झाले. ज्याने आश्रय दिला तोच मालक झाला. विटेनबर्गचा हा धडा पुढील सर्व कथेत पुनःपुन्हा आपल्या भेटीस येणार आहे.

हाले येथील दुसरी सुधारणा

शंभर-सव्वाशे वर्षांत या राजमान्य चर्चला साचलेपण आले. वादपटू पंडित वाढले, भक्ती आटली. या अवस्थेवर असंतुष्ट होऊन फिलिप याकोब श्पेनर याने १६७५ मध्ये ‘पिया देसिदेरिया’ हा छोटा ग्रंथ लिहिला आणि घरोघरी बायबलवाचनाची मंडळे भरवून अंतःकरणशुद्धीवर भर दिला. या चळवळीला ‘पायटिझम’ असे नाव पडले. तिला संस्थात्मक रूप दिले ते आउगुस्ट हेर्मान फ्रांके याने. लाइप्झिगमधून हुसकला गेलेला हा अध्यापक ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरच्या राज्यात, हाले या गावी स्थिरावला. तेथे १६९४ मध्ये नवे विद्यापीठ स्थापन झाले होते. येथेही राजकारण होतेच. ब्रांडेनबुर्गचे राजघराणे कॅल्व्हिनपंथी आणि प्रजा ल्यूथरपंथी. तेव्हा कर्मठ ल्यूथरपंथी धर्मगुरूंना शह देण्यासाठी हे नवे भक्तिमार्गी सुधारक दरबाराला सोयीचे वाटले.

फ्रांकेने मात्र त्या आश्रयाचे सोने केले. गरीब मुलांची शाळा, अनाथालय, औषधालय, छापखाना आणि ग्रंथालय यांचे एक लहानसे नगरच त्याने हाले येथे उभे केले. त्याच्या शिक्षणपद्धतीचे वैशिष्ट्य असे की, मुलांनी केवळ शब्द पाठ न करता वस्तू पाहाव्या, हाताळाव्या, असा त्याचा आग्रह असे. वनस्पती, खनिजे, यंत्रे, पृथ्वीचे गोल, देशोदेशींच्या नवलाईच्या वस्तू यांचा संग्रह तेथे शिक्षणाचे साधन म्हणून ठेवलेला असे. सृष्टीचे ज्ञान हे ईश्वराच्या ज्ञानाचेच अंग, ही त्यामागची धारणा होती. हा वस्तुपाठांचा वारसा पुढे कावेरीच्या काठी कोणते रूप घेतो हे आपण पाहणारच आहोत.

तरंगंबाडी : राजाची आज्ञा, कंपनीची बेडी

डॅनिश लोकांनी १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार करून समुद्रकिनाऱ्यावरील तरंगंबाडी हे गाव वार्षिक खंडणीच्या बोलीने मिळविले आणि तेथे डान्सबोर्ग हा किल्ला बांधला. पुढे १६७५-७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर हस्तगत केले आणि डॅनिश लोक भोसल्यांचे कूळ झाले. इंग्रजी उच्चारानुसार ‘ट्रँकेबार’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या वसाहतीत ८५ वर्षे केवळ व्यापार चालला. धर्मप्रसाराची कल्पना कंपनीच्या व्यापाऱ्यांना सुचली नव्हती आणि सुचली असती तरी रुचली नसती.

ती सुचली डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक याला. त्याचा दरबारी धर्मोपदेशक लूटकेन्स याने पुढाकार घेतला. डेन्मार्कात योग्य माणसे मिळेनात म्हणून हालेच्या परंपरेतील दोन जर्मन तरुण निवडले गेले. बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग आणि हाइनरिश प्लूत्शाउ हे दोघे ९ जुलै १७०६ रोजी तरंगंबाडीस उतरले. हिंदुस्थानात आलेले हे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी होत. गंमत अशी की, ज्या राजाच्या धर्मनिष्ठेचा हा प्रसाद, त्याने राणी हयात असतानाच आणखी दोन स्त्रियांशी विवाह केले होते. आश्रयदात्याचे चारित्र्य तपासण्याची चैन सुधारकांना क्वचितच परवडते.

राजाचे आज्ञापत्र जवळ असूनही तरंगंबाडीच्या डॅनिश अधिकाऱ्याने या दोघांचे स्वागत केले नाही. धर्मप्रसाराने एतद्देशीय लोक बिथरतील आणि व्यापार बसेल, अशी कंपनीला धास्ती होती. हा विरोध इतका विकोपास गेला की, १७०८ च्या अखेरीस झीगेनबाल्गला डान्सबोर्गच्या किल्ल्यात सुमारे चार महिने कैदेत काढावे लागले. कोपनहेगनमधील राजा ज्याला पाठवितो, त्याला राजाचाच अधिकारी तुरुंगात टाकतो! राजाश्रय दूरचा असला की तो किती पोकळ ठरतो याचा हा नमुना होय.

परंतु झीगेनबाल्ग चिवट होता. लहान मुलांच्या पंक्तीला बसून वाळूत धुळाक्षरे गिरवीत तो तमिळ शिकला. नव्या कराराचे त्याचे तमिळ भाषांतर १७१५ पर्यंत तरंगंबाडीच्याच छापखान्यात छापून पुरे झाले. छपाईच्या कामी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेचे साहाय्य झाले होते. मोडावयाचा तो धर्म आधी समजून घ्यावा म्हणून त्याने तमिळ ग्रंथ जमविले आणि दक्षिणेतील देवदेवतांवर १७१३ मध्ये एक विस्तृत ग्रंथ लिहिला. हालेच्या वरिष्ठांना तो पसंत पडला नाही. मूर्तिपूजा नाहीशी करण्यासाठी पाठविलेल्या माणसाने तिची माहिती युरोपात पसरवावी हे त्यांना विपरीत वाटले, आणि तो ग्रंथ १८६७ पर्यंत अप्रकाशितच राहिला. झीगेनबाल्ग १७१९ मध्ये, ऐन छत्तिशीत, वारला.

तंजावरचे दार मात्र त्याला उघडले नाही. १७०९ मध्ये तो देशी वेष करून तिकडे निघाला होता. पण राजाच्या परवान्यावाचून पुढे जाणे धोक्याचे आहे हे कळताच त्याला वाटेतूनच परतावे लागले. त्या वेळी गादीवर व्यंकोजीपुत्र शहाजीराजे होते. तमिळ मुलुखात तेलुगू, मराठी आणि संस्कृत विद्येला उदार आश्रय देणारा हा दरबार पुढची ६० वर्षे या पंथापासून दूरच राहिला.

श्वार्ट्झ आणि तुळजाराजे

ते अंतर ज्याने कापले तो ख्रिश्चन फ्रीडरिश श्वार्ट्झ १७२६ मध्ये ब्रांडेनबुर्ग प्रांतातील झोनेनबुर्ग येथे जन्मला. हाले येथे शिकत असतानाच त्याने तमिळचा अभ्यास सुरू केला, १७४९ मध्ये कोपनहेगन येथे दीक्षा घेतली आणि १७५० मध्ये तो तरंगंबाडीस आला. पुढे तो तिरुचिरापल्लीस राहू लागला आणि लंडनच्या संस्थेच्या सेवेत गेला. तमिळ, पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्थानी या भाषा त्याला येत. तंजावरच्या तुळजाराजांची आणि त्याची पहिली भेट १७६९ मध्ये झाली. दरबारची भाषा मराठी हे पाहून त्याने मराठीचाही अभ्यास केला. १७७८ पासून त्याचे वास्तव्य तंजावरातच झाले.

तुळजाराजे विद्याप्रेमी होते, पण दैव त्यांना अनुकूल नव्हते. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने इंग्रजांच्या मदतीने तंजावर घेतले. १७७६ मध्ये लंडनहून आलेल्या हुकमाने ते परत मिळाले, पण इंग्रजी फौज किल्ल्यात कायम राहिली. नबाबाची हाव, मद्रासच्या अधिकाऱ्यांची लाचलुचपत आणि हैदरअलीची तलवार अशा त्रिविध कैचीत हे छोटे मराठी राज्य सापडले होते. अशा काळात लोकांना ज्याच्या शब्दावर भरवसा ठेवता येईल असा माणूस विरळा. श्वार्ट्झ हा तसा माणूस होता आणि हीच त्याची खरी दौलत होती.

याची दोन उदाहरणे पुरेत. १७७९ मध्ये मद्रासच्या गव्हर्नरने हैदरअलीकडे बोलणे करण्यासाठी श्वार्ट्झला श्रीरंगपट्टणास पाठविले. इंग्रजांच्या वकिलावर आपला विश्वास नाही, पण हा पाद्री आपल्याला फसविणार नाही, असा हैदरचा अभिप्राय होता. हैदरने वाटखर्चासाठी दिलेले ३०० रुपयेही श्वार्ट्झने स्वतःकडे न ठेवता तंजावरच्या शाळेच्या कामी लावले. वाटाघाटी फसल्या आणि १७८० मध्ये युद्ध पेटले, तरी हैदरने आपल्या मुलुखातून या पाद्र्याला निर्वेध फिरू देण्याची ताकीद फौजेला दिली होती. दुसरा प्रसंग त्याच युद्धातला. तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपत आले होते. गावोगाव धान्य व बैल होते, पण शेतकरी ते आणावयास तयार नव्हते, कारण मागे दिलेल्या मालाचे पैसे त्यांना मिळाले नव्हते. राजाच्या शब्दाला किंमत उरली नव्हती आणि कंपनीच्या शब्दाला ती कधी नव्हतीच. शेवटी श्वार्ट्झने स्वतः हमी दिली. एक-दोन दिवसांत हजारावर बैल जमले आणि थोड्याच अवधीत ८० हजार कलम धान्य किल्ल्यात येऊन पडले. शेतकऱ्यांचे पैसे त्याने चुकते केले. पुढे राजाच्या अधिकाऱ्यांच्या जुलमाने कंटाळून हजारो कुळे गाव सोडून गेली तेव्हाही त्याच्याच शब्दावर ती परतली.

येथे युरोपातील चित्र उलटे झालेले दिसते. तेथे सुधारकाला राजाचा आधार लागला. येथे राजाला सुधारकाच्या पतीचा आधार लागला.

दत्तकाचा वाद

तुळजाराजांची मुले-नातवंडे त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. अखेरच्या आजारात, जानेवारी १७८७ मध्ये, त्यांनी भोसले कुळातील एक दहा वर्षांचा मुलगा दत्तक घेऊन त्याचे नाव सरफोजी ठेवले, आणि श्वार्ट्झला बोलावून त्याचे पालकत्व पत्करण्याची विनंती केली. श्वार्ट्झने ती स्वीकारली नाही. आपण एक फकिरी वृत्तीचा परदेशी माणूस, राजपुत्राचे रक्षण आपल्या हातून कसे होणार, असे सांगून राजाचे सावत्र बंधू अमरसिंग यांना पालक नेमावे अशी सल्ला त्याने दिली. तुळजाराजांनी ती मानली आणि थोड्याच दिवसांत ते निवर्तले.

ही सल्ला चुकीची ठरली. अमरसिंगांनी पालकत्व बाजूस सारून गादीवरच हक्क सांगितला. मुलगा त्याच्या जनकाचा एकुलता एक आहे, त्याचे वय दत्तकाला योग्य नाही, दत्तक घेतेवेळी राजाची बुद्धी स्थिर नव्हती, असे आक्षेप निघाले. मद्रासचा गव्हर्नर सर आर्चिबाल्ड कँपबेल याने बारा पंडितांचे मत घेऊन दत्तविधान अशास्त्र ठरविले आणि अमरसिंगांना गादी दिली. सरफोजी वाड्यात जवळजवळ बंदिवान झाला.

या क्षणापासून श्वार्ट्झच्या आयुष्यातील अखेरची दहा वर्षे या एका मुलाच्या न्यायासाठी खर्ची पडली. मद्रासच्या सरकारकडे त्याने अर्जविनंत्या केल्या, मुलाच्या शिक्षणाची व्यवस्था लावली, आणि १७९३ मध्ये सरफोजीला व तुळजाराजांच्या विधवांना मद्रासला सुरक्षित हलविण्यात आले. तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्याचे शिक्षण चालू राहिले. इकडे दत्तविधानाचा प्रश्न पुन्हा उकरून काढण्यात आला; बंगाल व काशीकडील पंडितांची मते मागविण्यात आली आणि ती दत्तकाला अनुकूल पडली. मूर्तिपूजेचे खंडन हे ज्याचे जीवितकार्य, तो ल्यूथरचा अनुयायी एका हिंदू राजपुत्राचे दत्तविधान धर्मशास्त्राला धरून आहे हे सिद्ध करण्यासाठी झटत होता! इतिहासात असे प्रसंग फार नाहीत.

निकाल लागला, पण तो पाहण्यास श्वार्ट्झ उरला नव्हता. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी त्याने देह ठेवला. सरफोजीने त्याचे अंत्यदर्शन घेतले आणि देहावर जरीचे वस्त्र घातले. त्याच वर्षी जूनच्या अखेरीस सरफोजीला राज्याभिषेक झाला. आणि त्यानंतर सोळा महिन्यांनी, २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने, तंजावरचा सर्व राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले.

हा तह श्वार्ट्झच्या मनात असेल असे मानावयास आधार नाही. परंतु हेतू शुद्ध होता म्हणून परिणाम पुसला जात नाही. भोसल्यांच्या गादीचा वारस कोण, हा प्रश्न सोडविण्यासाठी त्याने मद्रास, कलकत्ता आणि लंडन येथे न्याय मागितला. न्याय मिळालाही, पण न्याय देणारा कोण, हेही त्याच निकालाने कायमचे ठरून गेले. १७८७ मध्ये ज्या सत्तेने दत्तक नामंजूर केला, १७९८ मध्ये तिनेच तो मंजूर केला, आणि १८५५ मध्ये सरफोजीचे पुत्र शिवाजीराजे पुत्रहीन वारले तेव्हा तिनेच ही गादी खालसा करून टाकली. विटेनबर्गचा धडा येथे नव्या रूपाने पुढे आला. जर्मनीत सुधारकाला वाचविणारा राजा चर्चचा धनी झाला. तंजावरात राजपुत्राला वाचविणारी कंपनी राज्याची धनी झाली.

सरफोजीने काय घेतले

मग या साऱ्या संबंधातून तंजावरच्या दरबाराला केवळ पारतंत्र्यच मिळाले काय? तसे म्हणणे सरफोजीवर अन्याय करणारे होईल. राज्य गेलेल्या या राजाने १७९८ ते १८३२ या काळात जे उभे केले, त्यात त्याच्या बालपणीच्या गुरूंची छाया स्पष्ट दिसते.

नायकांच्या काळापासून चालत आलेल्या राजग्रंथालयाला त्याने सरस्वती महालाचे वैभव दिले. संस्कृत, तमिळ, तेलुगू व मराठी हस्तलिखितांबरोबर युरोपीय भाषांतील हजारो छापील ग्रंथ त्याने आणविले, आणि त्यांतील कितीतरी ग्रंथांवर त्याची इंग्रजी सही आहे. धन्वंतरी महालात देशी व युरोपीय वैद्यकाचे एकत्र प्रयोग चालत. नेत्ररोग्यांच्या उपचारांच्या सचित्र नोंदी तेथे ठेवल्या जात. ‘नवविद्याकलानिधी’ या नावाने त्याने शाळा काढल्या, देवनागरी छापखाना चालविला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात ‘बाळबोध मुक्तावली’ हे इसापनीतीचे मराठी रूपांतर त्यात छापून काढले. महाराष्ट्रात मराठी मुद्रण रुजण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. शास्त्रीय उपकरणे, वनस्पतींची चित्रे, नकाशे यांचा त्याचा संग्रह पाहिला की हालेच्या वस्तुसंग्रहाची आठवण झाल्यावाचून राहत नाही, आणि अलीकडच्या अभ्यासकांनी हा दुवा साधार दाखवून दिला आहे. १८२६ मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर तंजावरास आला तेव्हा लाव्हाझिए, लिनियस, बुफाँ यांचे दाखले सहज देणारा हा मराठी राजा पाहून तो थक्क झाला होता.

या घेण्यामागची दृष्टी ‘देवेंद्र कुरवंजी’ या सरफोजीच्या मराठी रचनेत उत्तम दिसते. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी कुरवंजी डोंगरदऱ्यांचे वर्णन करते. सरफोजीने त्या कुरवंजीच्या मुखी जगाचा भूगोल घातला. रूप तमिळ, भाषा मराठी आणि विषय हालेच्या शाळेतला! श्वार्ट्झचाच दुसरा शिष्य, तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री याने याच प्रकारात ‘बेथलेहेम कुरवंजी’ लिहिली. एकाच गुरूचे दोन शिष्य, एक हिंदू राजा आणि एक ख्रिस्ती कवी. दोघांनीही मिळालेले नवे ज्ञान आपल्या मातीच्या भांड्यात ओतून घेतले. सरफोजीने या कवीला आश्रय दिला, हेही नमूद केले पाहिजे.

आणि सरफोजीने काय घेतले नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. त्याने धर्म बदलला नाही. १८०३ मध्ये त्याने बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर आपल्या भोसले कुळाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. १८२० मध्ये तो मोठ्या लवाजम्यानिशी काशीयात्रेस निघाला. त्याच वेळी श्वार्ट्झच्या स्मरणार्थ ख्रिस्ती अनाथ मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची सोय त्याने आपल्या खर्चाने केली, आणि लंडनचा प्रख्यात शिल्पी फ्लॅक्समन याच्याकडून गुरूचे संगमरवरी स्मारक घडवून घेतले. तंजावरच्या छोट्या किल्ल्यातील श्वार्ट्झच्या चर्चमध्ये ते आजही आहे. मृत्युशय्येवर पडलेला पाद्री आणि त्याचा हात हाती घेतलेला तरुण राजा असे ते शिल्प आहे. त्याखालील इंग्रजी पद्य सरफोजीने स्वतः रचले. त्यात राजा बोलत नाही, शिष्य बोलतो. हेबरने युवराज शिवाजीला शिक्षणासाठी आपल्याबरोबर नेण्याची इच्छा दाखविली तेव्हा मात्र राणीने मुलाला पाठविण्यास नकार दिला. या घराण्याला आपली मर्यादा कोठे आखावी हे ठाऊक होते.

सुधारकांच्या बाजूनेही हिशेब निर्मळ नाही. धर्मपीठाच्या उतरंडीविरुद्ध उठलेल्या या पंथाने तंजावरात जातीची उतरंड आपल्या चर्चमध्ये चालू दिली. प्रार्थनेला जाती निराळ्या बसत. १८३३ मध्ये बिशप विल्सनने हा भेद मोडण्याचा हुकूम काढला तेव्हा त्यास जो कडवा विरोध झाला, त्यात वेदनायगम शास्त्रीही होता. ल्यूथरने राजांपुढे जशी नमती बाजू घेतली तशी त्याच्या अनुयायांनी येथे समाजापुढे घेतली.

श्रीरामपूरची जोड

या कथेला बंगालमध्ये एक जोडकथा आहे. कंपनीच्या मुलुखात मिशनऱ्यांना मज्जाव होता, म्हणून विल्यम कॅरी १८०० मध्ये हुगळीकाठच्या श्रीरामपूर या दुसऱ्या डॅनिश वसाहतीत राहावयास गेला. कॅरी बॅप्टिस्ट, म्हणजे स्वदेशात राजाचे चर्च नाकारणारा. पण परदेशात त्याला परक्या राजाचेच छत्र शोधावे लागले. तेथूनच १८०५ मध्ये त्याचे मराठी व्याकरण छापून निघाले, आणि श्रीरामपूरच्या महाविद्यालयाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या सहाव्या फ्रेडरिकने सनद दिली. देवनागरीतील मराठी मुद्रणाचा आरंभ तंजावर आणि श्रीरामपूर अशा महाराष्ट्राबाहेरच्या दोन ठिकाणी व्हावा, आणि दोन्ही ठिकाणी कोपनहेगनच्या राजाश्रयाचा धागा निघावा, हा योगायोग चिंतनीय आहे. ज्या वसाहतींनी हे घडविले त्या दोन्ही डेन्मार्कने १८४५ मध्ये इंग्रजांना विकून टाकल्या.

समारोप

विटेनबर्गपासून तंजावरपर्यंतचा हा प्रवास पाहिला की एक गोष्ट मनावर ठसते. आश्रय म्हणून जे घेतले त्याची किंमत प्रत्येकाला मोजावी लागली. ल्यूथरला, झीगेनबाल्गला आणि सरफोजीलाही. ज्ञान म्हणून जे घेतले ते मात्र घेणाऱ्याचे झाले. ते ना कंपनीला खालसा करता आले, ना कोणत्या धर्मपीठाला परत मागता आले. तंजावरचे राज्य गेले, तरंगंबाडीवरचे डॅनिश निशाण उतरले. सरस्वती महाल उभा आहे, बृहदीश्वराच्या भिंतीवरील मराठी अक्षरे शाबूत आहेत.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मराठी माणसाला या इतिहासाचे विशेष अगत्य वाटावयास हवे. ज्या प्रदेशात राहावे तेथील भाषा व कला आपलीशी करावी, परक्याकडूनही विद्या निःसंकोच घ्यावी, आणि हे सर्व आपल्या भाषेत आणून ठेवावे, ही रीत तंजावरच्या मराठ्यांनी दीडशे वर्षांहून अधिक काळ चालविली. ती चालविताना त्यांचे राज्य बुडाले हे खरे; पण राज्य बुडाले ते या रीतीमुळे नव्हे. ती रीत त्यांनी राज्य बुडाल्यानंतरही सोडली नाही, यातच त्यांचे मोठेपण आहे.